दुर्बिणीतील रेषांचा हिशेब

इ. स. १८२२ मध्ये, वऱ्हाडावर हैदराबादच्या निजामाचा अंमल असताना आणि एलिचपूर हे त्या प्रांताचे नामांकित ठाणे असताना, त्या शहराच्या परिसरातील काळ्या मातीच्या सपाट मुलखात, इंग्रजी दप्तरांत ‘टाकळखेरा’ या नावाने नोंदलेल्या स्थानकापाशी, कर्नल विल्यम लॅम्ब्टन याच्या मोजणी-पथकाने एक आधाररेषा मोजली. कन्याकुमारीकडून उत्तरेस निघालेल्या त्या प्रचंड त्रिकोणमितीय मोजणीचा हा वऱ्हाडातील मुक्काम. पुढच्याच वर्षी, २० जानेवारी १८२३ रोजी, लॅम्ब्टन हिंगणघाटास वारला आणि त्याचे काम जॉर्ज एव्हरेस्ट या आजाराने जर्जर झालेल्या परंतु जिद्दीच्या तरुण अधिकाऱ्याकडे आले. या कामाचा आरंभ ज्या शंभर फुटी पोलादी साखळीने झाला, ती मूळ चीनच्या बादशहास नजराणा म्हणून पाठविण्यात आली होती. बादशहाने ती नाकारली आणि ती फिरत फिरत हिंदुस्थानात येऊन पोहोचली. साखळीने मोजायची ती एकच बाजू. उरलेली सारी मोजणी कोनांची, आणि कोन मोजायचे ते थिओडोलाइटच्या दुर्बिणीतून. लॅम्ब्टनचे हे यंत्र लंडनच्या विल्यम कॅरीने घडविलेले, वजनाने अर्ध्या टनाच्या घरातले, तीन फूट व्यासाच्या वर्तुळाचे होते.

त्या दुर्बिणीतून पन्नास मैलांवरची टेकडी जवळ आल्यासारखी दिसे, यात नवल नाही. परंतु दिसणे निराळे आणि मोजणे निराळे. टेकडीवरच्या खुणेचा नेमका कोणता बिंदू मोजला, हे ठरविण्यास दुर्बिणीच्या आत एकमेकींस छेदणाऱ्या दोन अतिसूक्ष्म रेषा असाव्या लागतात. रेषा नसलेली दुर्बीण हे केवळ पाहण्याचे साधन. रेषा येताच ती मोजण्याचे यंत्र होते. आज दूर अंतरावरच्या नेमबाजीसाठी रायफलीवर दुर्बीण बसवू पाहणारा हौशी मनुष्य भिंग किती पटीचे आहे, काच कोणत्या देशाची आहे, नळी किती जाड आहे यांची चौकशी दुकानदाराजवळ तासभर करतो. आणि आतील रेषांची आकृती कशी असावी, हा प्रश्न मात्र रंग निवडण्याइतका गौण समजून शेवटच्या क्षणी उरकून टाकतो. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. काच थोडी मध्यम असली तरी चालून जाते. रेषा चुकीच्या निवडल्या तर उत्तम काचेतून चूक तेवढी अधिक स्पष्ट दिसते.

या रेषांचा जन्म मोठा मनोरंजक आहे. सुमारे १६४० साली विल्यम गॅस्कॉइन नावाचा इंग्रज तरुण केप्लरच्या पद्धतीची, म्हणजे दोन्ही बहिर्वक्र भिंगांची, दुर्बीण वापरीत असता तिच्या आत कोळ्याने धागा ताणला, आणि दूरच्या वस्तूबरोबर तो धागाही स्वच्छ व ठळक दिसू लागला. गॅलिलिओच्या दुर्बिणीत असे घडले नसते; कारण तिच्यात नळीच्या आत खरी प्रतिमा तयारच होत नाही. केप्लरच्या रचनेत पुढचे भिंग नळीच्या आत एका प्रतलावर दृश्याची प्रतिमा उमटविते आणि मागचे भिंग ती मोठी करून डोळ्यास दाखविते. म्हणून त्या प्रतलात जे काही ठेवावे, ते दृश्यावरच आखल्याप्रमाणे भासते. गॅस्कॉइनने या योगायोगाचे मर्म ओळखून दुर्बिणीस मापनयंत्र बनविले. परंतु १६४४ च्या मार्स्टन मूरच्या लढाईत तो तरुणपणीच मारला गेला. पुढे रेशीम, चांदीची तार, वुलस्टनने १८१३ च्या सुमारास काढलेली प्लॅटिनमची केसाहूनही बारीक तार, आणि या सर्वांबरोबर कोळ्याचा धागा, अशी साधने वापरात राहिली. कोळ्याचा धागा अत्यंत बारीक व चिवट असला तरी दमट हवेत सैल पडे, आणि पावसाळ्यात मोजणी करणाऱ्यांना याचा उपद्रव होई. आता काचेच्या चकतीवर रेषा कोरण्याची रीत सर्वत्र रूढ झाल्याने तो धोका संपला. मात्र रेषांच्या मोहकतेचा नवा धोका सुरू झाला, कारण काचेवर काय वाटेल ते कोरता येते.

बंदुकीच्या बाबतीत हा शोध उशिरा पोहोचला, आणि याचा पुरावा वऱ्हाडातच आहे. टाकळखेऱ्याच्या आधाररेषेच्या एकोणीसच वर्षे आधी, २९ नोव्हेंबर १८०३ रोजी, आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगाव येथे इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेची नागपूरकर भोसले व शिंदे यांच्या सैन्याशी लढाई झाली, आणि १५ डिसेंबरला त्याच फौजेने गाविलगड घेतला. त्या पायदळाची बंदूक आतून गुळगुळीत नळीची, मागच्या बाजूस नेम धरण्याची खाच नसलेली होती. शंभर यार्डांपलीकडे एका माणसावर तिने नेम धरणे जवळजवळ निरर्थकच. ओळीने उभे राहून समोरच्या ओळीवर एकदम झाडायची, एवढाच तिचा उपयोग. म्हणजे एकाच मुलखात दोन दशकांच्या आत मोजणीची दुर्बीण पन्नास मैलांवरचा बिंदू नेमका पकडीत होती आणि बंदूक शंभर यार्डांवर अंदाजाने चालत होती. रायफलीवर दुर्बीण बसविण्याचा खटाटोप १८४० नंतर अमेरिकेत चॅपमन व जेम्स, आणि त्यांच्यामागून विल्यम माल्कम, यांनी केला. त्यांच्या लांबलचक पितळी अथवा लोखंडी नळ्यांत मोजणीच्या दुर्बिणीसारखेच क्रूस होते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. महाराष्ट्रात रायफल नेमबाजी म्हटले की ज्यांची नावे ओठांवर येतात, त्या अंजली भागवत, २०१० साली म्युनिक येथे ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेतेपद मिळविणाऱ्या तेजस्विनी सावंत, किंवा पॅरिसच्या २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचे कांस्यपदक मिळविणारे कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे, यांच्या रायफलीवर दुर्बीण नसते. त्या स्पर्धेचा नियमच तिला मज्जाव करतो. त्यांच्याकडे मागे बारीक छिद्र आणि पुढे एक कडे असते, आणि कड्यामधून लक्ष्याचे काळे वर्तुळ दिसते. तरीही रेषेच्या निवडीचा पहिला धडा याच कड्यात आहे. नवशिक्याचा हट्ट असा की कडे काळ्या वर्तुळास जितके घट्ट बसेल तितका नेम नेमका. प्रत्यक्षात कडे फार घट्ट असेल तर मधल्या पांढऱ्या पट्टीचा कमीजास्तपणा डोळ्यास कळत नाही आणि मन शंकेने घेरले जाते. किंचित सैल कडे घेतले की पांढरी पट्टी सर्व बाजूंनी सारखी आहे की नाही, हे डोळा आपोआप ओळखतो. अर्थात सूक्ष्मता डोळ्याच्या परखण्याच्या शक्तीस पोषक असेल तेथवरच उपयोगी, त्यापलीकडे ती अडथळा.

आता दूर अंतराच्या दुर्बिणीकडे वळू. गोळी नळीतून सुटताच खाली पडू लागते, आणि हा हिशेब शाळेतील पदार्थविज्ञानाने मांडता येतो. सेकंदास ८०० मीटर वेगाची गोळी हवेचा विरोध नसता ४०० मीटर अर्ध्या सेकंदात कापील, आणि तेवढ्यात गुरुत्वाकर्षण तिला सुमारे सव्वा मीटर खाली खेचील. ८०० मीटरला एक पूर्ण सेकंद लागेल आणि पतन पाच मीटरांच्या जवळ जाईल. हवेच्या विरोधाने वेग घटत असल्याने प्रत्यक्ष आकडे याहून बरेच मोठे असतात. म्हणजे दूर लक्ष्यावर मधला क्रूस धरून भागत नाही. नळी किती वर उचलायची हे कोनात मोजावे लागते, आणि म्हणूनच रेषेवर माप असावे लागते.

हे माप दोन जातींचे. मिलिरेडियन, ज्याला नेमबाज ‘मिल’ म्हणतात, हा त्रिज्येच्या हजाराव्या भागाएवढ्या कंसाचा कोन. म्हणून १००० मीटरवर १ मिल म्हणजे १ मीटर आणि १०० मीटरवर १० सेंटिमीटर. दुसरे माप मिनिटाचे, अंशाच्या साठाव्या भागाचे. ते १०० यार्डांवर एक इंचाहून किंचित अधिक भरते. कोणते श्रेष्ठ, यावर हिरिरीने वाद घालणारे पुष्कळ आहेत. पण दशमान पद्धतीत वाढलेल्या, मीटर व सेंटिमीटर यांतच विचार करणाऱ्या आपल्या माणसाने मिल सोडून मिनिटाच्या मागे लागण्याचे कारण मला दिसत नाही. खरी अट वेगळीच आहे: आतील रेषांचे माप आणि नेम सरकविणाऱ्या वरच्या फिरकीचे माप एकाच जातीचे असले पाहिजे. एके काळी रेषा मिलच्या आणि फिरकी पाव मिनिटाची, असा विजोड संसार पुष्कळ दुर्बिणींत असे; मग रेषेवर चूक पाहायची, तिला ३.४४ ने गुणायचे आणि त्यानंतर फिरकी फिरवायची, अशी दप्तरी कसरत नेमबाजाच्या वाट्यास येई. आज अशी दुर्बीण स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये.

ज्याने सार्वजनिक बांधकाम खात्यातील ओव्हरसियरला डंपी लेव्हल लावताना पाहिले आहे, त्यास मिलचे गणित नवे वाटू नये. त्या दुर्बिणीत मधल्या रेषेच्या वर व खाली दोन आखूड आडव्या रेषा असतात. त्यांच्यामध्ये समोरच्या मोजपट्टीचा जितका भाग सापडेल त्याच्या शंभरपट अंतर, असा हिशेब असतो. पट्टीवर १.२५ मीटर सापडले की अंतर १२५ मीटर. शंभरास एक म्हणजे दहा मिल. अर्थात अमरावती-अकोल्याचे रस्ते व कालवे ज्या दुर्बिणींनी आखले गेले, त्यांत दहा मिलचे एक घर कायमचे कोरलेले होते. रायफलीच्या दुर्बिणीत हेच घर बारीक वाटून घेतलेले असते. एक मीटर उंचीचा फलक २.५ मिल भरला तर तो ४०० मीटरवर, १.२५ मिल भरला तर ८०० मीटरवर. परंतु येथेच सावध व्हावे. पहिल्या बाबतीत वाचनात दशांश मिलची चूक झाली तर अंतर सोळा-सतरा मीटरांनी चुकते. दुसऱ्या बाबतीत तेवढ्याच चुकीने ते साठ-सत्तर मीटरांनी चुकते. म्हणून रेषांवरून अंतर मोजण्याच्या विद्येचे जाहिरातीत कितीही स्तवन असले तरी, लेसरचे अंतरमापक हाती असताना तिच्यावर विसंबण्यात शहाणपण नाही. रेषांवरील खुणांचा खरा उपयोग दुसरा आहे: गोळी कोठे पडली ते पाहून चूक मोजणे आणि वाऱ्यासाठी बाजूस धरणे.

वारा क्षणाक्षणास बदलतो. त्याच्यासाठी फिरकी फिरवीत बसले तर फिरविलेली दुरुस्ती गोळी सुटण्यापूर्वीच शिळी होते. म्हणून आडव्या रेषेवर अर्ध्या अथवा पाचव्या हिश्श्याच्या मिलच्या खुणा असणे मला अगत्याचे वाटते, आणि उभ्या रेषेवरील दाटी तेवढी अगत्याची वाटत नाही. कारण अंतर स्थिर असते आणि त्याची दुरुस्ती सावकाश फिरकीने करता येते. हल्ली मधल्या क्रूसाखाली त्रिकोणाकार पसरत जाणारी ठिपक्यांची व आकड्यांची झाडासारखी आकृती फार लोकप्रिय आहे. भिन्न अंतरांवरील अनेक लक्ष्ये घाईने मारण्याच्या स्पर्धेत, जेथे फिरकीस हात लावण्यास सवडच नसते, तेथे ती निश्चित उपयोगी; पण एकाच अंतरावर कागद भेदणाऱ्यास ती गर्दी विनाकारण त्रास देते, आणि धुळकट पार्श्वभूमीवर पडलेल्या गोळीचा उडालेला फुफाटा नेमका त्या झाडाच्या फांद्यांमागे लपतो.

रेषेच्या जाडीचा मामला याहून नाजूक आहे. ०.०५ मिल जाडीची रेषा १००० मीटरवर पाच सेंटिमीटर झाकते, ०.२ मिलची रेषा वीस सेंटिमीटर झाकते, म्हणजे लक्ष्याचा मध्यच तिच्याखाली जाऊ शकतो. तर मग शक्य तितकी बारीक घ्यावी, असे म्हणावेसे वाटते. पण संधिप्रकाशात, पऱ्हाटीच्या वाळक्या काड्यांच्या पार्श्वभूमीवर, कोळ्याच्या धाग्याएवढी रेषा शोधण्यातच दम जातो. बाहेरचे दांडे जाड, आतील रेषा बारीक, मध्यभागी जरा मोकळी जागा सोडून एक ठिपका, ही रचना जुनी व सर्वांत समाधानकारक. प्रकाशित ठिपक्याची सोय असली तर ठीक, नसली तर दुःख नको.

ही चकती पुढच्या प्रतिमा-प्रतलात आहे की मागच्या, हा प्रश्न यातूनच निघतो. पुढे असेल तर भिंगाची पट वाढविताच रेषाही दृश्याबरोबर मोठ्या होतात, म्हणून त्यांचे माप प्रत्येक पटीस खरे राहते; मात्र कमी पटीवर त्या केसासारख्या होऊन दिसेनाशा होतात. मागे असेल तर रेषा डोळ्यास नेहमी सारख्याच जाडीच्या दिसतात. परंतु त्यांचे माप एकाच पटीस, बहुधा सर्वांत मोठ्या पटीस, खरे असते. दहा पटीस खरी असलेली १ मिलची खूण पाच पटीस २ मिलची होते, आणि हे विसरणाऱ्याची गोळी लक्ष्याच्या वरून निघून जाते. ज्याला पट वारंवार बदलावी लागणार, त्याने पुढचे प्रतल घ्यावे. ज्याचे लक्ष्य व पट दोन्ही ठरलेले, त्यास मागचे प्रतल स्वस्तही पडते आणि बारीक रेषेचा लाभही देते.

वऱ्हाडात पट का बदलावी लागते, हे तेथे वैशाख काढलेल्यास सांगावे लागत नाही. अकोल्याचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो तेव्हा भेगाळलेल्या काळ्या जमिनीवरची हवा अशी थरथरते की, पंचवीस पटीच्या दुर्बिणीत लक्ष्याबरोबर तिची थरथरही पंचवीस पट होते आणि दशांश मिलच्या खुणा नाचणाऱ्या पाण्यावर टेकविल्यासारख्या निरुपयोगी होतात. तेव्हा पट दहा-बारापर्यंत उतरविणे हाच मार्ग, आणि उतरवूनही माप खरे राहावे यासाठी पुढचे प्रतल. या थरथरीचा त्रास मोजणीच्या पथकांनाही होताच. पुढे १८३० नंतर एव्हरेस्टने दूरच्या खुणांसाठी रात्री निळ्या ज्योतीचे दिवे आणि दिवसा सूर्यप्रकाश परावर्तित करणारे हेलिओट्रोप यांचा बंदोबस्त केला. नेमबाजाला रात्र निवडता येत नाही. पहाट मात्र निवडता येते, आणि जाणता नेमबाज तर थरथरीच्या लाटा कोणत्या बाजूस वाहतात यावरून वारा वाचतो.

उष्णतेमुळे आणखी एक परिणाम होतो, तो डोळ्यास न दिसणारा. मे महिन्याच्या दुपारी अकोल्याची हवा हिवाळ्यातील पहाटेपेक्षा सुमारे एक दशांशाने विरळ असते; ज्या विरळपणासाठी एरवी चिखलदऱ्यास चढून जावे लागावे, तो सपाटीवरच भेटतो. विरळ हवेत गोळी कमी अडते आणि कमी पडते. म्हणून ज्या दुर्बिणीत मिलऐवजी थेट ‘तीनशे, चारशे, पाचशे’ अशी अंतरेच कोरलेली असतात, तिच्याविषयी मी साशंक आहे. या जातीचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे आपल्या सैन्यानेही वापरलेल्या ड्रॅगुनोव्ह रायफलीवरील रशियन दुर्बीण: तिच्यात दूरच्या अंतरांसाठी बाणाच्या टोकासारख्या खुणा आणि १.७ मीटर उंचीच्या आकृतीवरून अंतर काढण्याची वक्ररेषा असते. लढाईच्या घाईत ती योजना अर्थपूर्ण होती, कारण रायफल एक, काडतूस एक आणि अपेक्षित अचूकता मर्यादित. परंतु ज्याचे काडतूस बदलते, ज्याच्या नळीची लांबी निराळी, आणि जो पौषात व ज्येष्ठात दोन्ही वेळा मैदानावर जातो, त्याला दुसऱ्याच्या हिशेबाने कोरलेले आकडे काय कामाचे? मिलच्या खुणा काहीच दावा करीत नाहीत. त्या केवळ कोन सांगतात, आणि त्या कोनाचा अर्थ आपल्या वहीतील तक्त्याने लावायचा.

याच न्यायाने, आपल्याकडे परवान्यावर बहुधा मिळणारी .३१५ बोअरची रायफल घेऊन त्यावर झाडाच्या आकृतीची महागडी दुर्बीण बसविणे हे मला हौसेचे परंतु अस्थानी खर्चाचे लक्षण वाटते. तिच्या जड, बोथट व मंदगती गोळीचे कार्यक्षेत्र साध्या क्रूसाच्या आटोक्यातले आहे. शिकारीचा प्रश्न तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निकालात काढला, आणि १९७४ पासून मेळघाट वाघांसाठी राखीव झाला. जुन्या शिकाऱ्यांच्या जाड दांड्यांच्या दुर्बिणी आता दिवाणखान्यातील शोभेपुरत्या राहिल्या.

दुर्बीण कोणतीही घेतली तरी मोजणीदाराचा एक शिरस्ता पाळावा. तो प्रथम दुर्बीण मोकळ्या आकाशाकडे वळवून डोळ्याजवळचे भिंग फिरवितो, जोवर रेषा काळ्याकुट्ट व तीक्ष्ण दिसत नाहीत. मगच तो लक्ष्याकडे वळून दृश्य स्पष्ट करतो. हा क्रम उलटा केला तर प्रतिमा व रेषा एका प्रतलात येत नाहीत, आणि डोके जरा हलविताच रेषा लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसते. हाच पॅरलॅक्सचा दोष. रायफलीच्या दुर्बिणीत मागची कडी रेषांसाठी आणि बाजूची फिरकी लक्ष्यासाठी असते.

त्यानंतर शंभर मीटरवर एक उंच कागद ओळंब्याने उभा लावावा, त्यावर ओळंब्याच्या दोरीनुसार उभी रेघ आखावी आणि दर दहा सेंटिमीटरला खूण करावी. दुर्बिणीची उभी रेषा त्या रेघेवर तंतोतंत बसते का, आणि प्रत्येक मिल एका खुणेवर येतो का, हे पाहावे. मग फिरकी दहा मिल फिरवून क्रूस खरोखर एक मीटर सरकला का तेही पडताळावे. उभी रेषा एका अंशाने जरी कललेली असली, तरी आठ मीटर उचल द्याव्या लागणाऱ्या अंतरावर गोळी सुमारे चौदा सेंटिमीटर बाजूस जाते, आणि नेमबाज तो दोष वाऱ्याच्या माथी मारीत राहतो. कागद, ओळंबा व मोजपट्टी यांचा खर्च किरकोळ आहे. दुर्बीण परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी ही परीक्षा उरकून घ्यावी.